नोकरी सांभाळून बी.एड.: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की अध्यापक महाविद्यालयांत फोन वाजायला लागतात. विचारणारे बरेच जण तिशी-पस्तिशीतले असतात. कोणी बँकेत, कोणी खासगी कंपनीत, कोणी क्लास घेणारे, तर कोणी इंग्रजी शाळेत तात्पुरत्या जागेवर शिकवणाऱ्या बाई. महाराष्ट्रातल्या अशा मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं. बी.एड.च्या वर्गाला शिकवत असल्यामुळे जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे ते मत म्हणूनच दिलं आहे.

नोकरी न सोडता बी.एड. होतं का?

दिवसाची पूर्णवेळ नोकरी दोन्ही वर्षं जशीच्या तशी चालू ठेवून नियमित बी.एड. प्रामाणिकपणे होत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०१४ मध्ये नवी नियमावली आणली आणि २०१५-१६ पासून एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं. तिच्यानुसार प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून वर्षाला किमान २०० दिवस कामकाज आणि आठवड्याला किमान ३६ तास. वर्ग व प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. आठवड्याला ३६ तास म्हणजे सहा दिवस रोज सहा तास. यात ऑफिस कुठे बसवणार?

तरीही कमावता कमावता बी.एड. झालेली माणसं दरवर्षी दिसतात. त्यांनी नोकरीचं रूप बदललेलं असतं. कोणी संध्याकाळचे क्लास घेतं, कोणी कंपनीत दुपारनंतरची पाळी मागून घेतं, कोणी पहिलं वर्ष कसंबसं सांभाळून दुसऱ्या वर्षी बिनपगारी रजा टाकतं. कोणी त्याच मालकाकडे अर्धवेळ होतं. एक रस्ता आधीपासून शाळेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांचा आहे, तो मुक्त विद्यापीठाचा. त्याबद्दल पुढे.

वर्गातली व्याख्यानं कशीतरी जमतात. अडतं ते इंटर्नशिपपाशी. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. शाळा दिवसाच भरते आणि तिथे तुमच्याऐवजी दुसरं कोणी उभं राहू शकत नाही. म्हणून सगळं नियोजन या १६ आठवड्यांपासून उलट दिशेने करा: ते कधी येतात, तेव्हा रजा मिळेल का, पगार बंद झाला तर घर कशावर चालेल. याचं उत्तर हाताशी असेल तर बाकीचं जमवता येतं.

संध्याकाळचं, शनिवार-रविवारचं किंवा ऑनलाइन बी.एड. नाही का?

संपूर्ण ऑनलाइन असं मान्यताप्राप्त बी.एड. नाही. ज्या पदवीचा मोठा हिस्सा मुलांसमोर उभं राहण्यात जातो ती पडद्यावर कशी पुरी होईल? २०१४ च्या नियमावलीत तीन वर्षांच्या अंशकालीन बी.एड.चे निकष आहेत खरे. पण "आमच्याकडे वीकेंड बी.एड. आहे" असं कोणी म्हटलं तर त्या अभ्यासक्रमाच्या नावाने दिलेला एनसीटीईचा मान्यता आदेश दाखवा म्हणावं. महाविद्यालयाला नियमित बी.एड.ची मान्यता असणं म्हणजे वीकेंडच्या वर्गांनाही मान्यता असणं नव्हे.

मुक्त विद्यापीठाचं बी.एड. मला चालेल का?

बँकेत, कंपनीत किंवा दुकानात काम करत असाल आणि शिक्षक प्रशिक्षणाचा एकही अभ्यासक्रम आधी केलेला नसेल तर नाही. दूरस्थ बी.एड.साठी एनसीटीईच्या नियमांत दोनच प्रकारचे उमेदवार बसतात: प्राथमिक स्तरावर नोकरीत असलेले प्रशिक्षित शिक्षक, किंवा शिक्षक प्रशिक्षणाचा एखादा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम समोरासमोरच्या पद्धतीने पूर्ण केलेले. म्हणजे डी.एड. किंवा डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) झालेली मंडळी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची नावं या संदर्भात नेहमी घेतली जातात. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्द न् शब्द वाचा. फोनवर "हो, चालेल" म्हणणाऱ्याचं ऐकून पैसे भरू नका.

तुम्ही डी.एड. होऊन शाळेत असाल तर मात्र हा मार्ग तुमच्यासाठीच आहे. संपर्क सत्रं, स्वाध्याय, कार्यशाळा, शाळेतलं प्रात्यक्षिक हे सगळं असतंच, फक्त नोकरी सुटत नाही.

"हजेरी नको, फक्त परीक्षेला या" असं एका कॉलेजने सांगितलं. प्रवेश घेऊ का?

नको. हा प्रश्न इतक्यांदा येतो, आणि इतक्या खालच्या आवाजात येतो, की उत्तर जरा सविस्तर देतो.

हे सांगणारा बहुतेक वेळा एजंट असतो. महाविद्यालय लांबच्या जिल्ह्यात किंवा परराज्यात, फी एकरकमी, पावती त्यातल्या काही रकमेचीच. त्या बदल्यात हजेरीपटावर तुमची सही कोणीतरी करणार, पाठांच्या वह्या तयार मिळणार आणि इंटर्नशिपचं प्रमाणपत्र कधीही न पाहिलेल्या शाळेच्या शिक्क्यासह येणार.

नैतिकता घटकाभर बाजूला ठेवू आणि निव्वळ व्यवहार पाहू. त्या दोन वर्षांत तुम्ही नोकरीतही आहात. भविष्य निर्वाह निधीत दरमहा भरणा आहे, आयकराची नोंद आहे, कंपनीचं अनुभव प्रमाणपत्र आहे. दुसरीकडे तुम्ही आठवड्याला ३६ तास वर्गात हजर असल्याचा दाखला आहे, कदाचित दोनशे किलोमीटरवरच्या गावात. कागदपत्रं पडताळणीत हे दोन्ही एकाच फाइलमध्ये येऊ शकतात. तेव्हा एजंटचा फोन बंद असतो आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. नेमणूक झाल्यावर दहा वर्षांनी कोणी तक्रार केली, तरी ती टांगती तलवार आहेच.

दुसरं नुकसान पहिल्याच दिवशी दिसतं. नववीच्या ६० मुलांसमोर उभं राहिल्यावर पाचव्या मिनिटाला मुलांना कळतं की बाईंना किंवा सरांना वर्ग हाताळता येत नाही. मग पुढचं अख्खं वर्ष ओरडण्यात जातं.

माझं वय ३६ आहे, पदवी होऊन बारा-चौदा वर्षं झाली. प्रवेश मिळेल?

मिळेल. बी.एड. प्रवेशाला कमाल वयाची अट नाही आणि मधल्या खंडामुळे कोणी अपात्र ठरत नाही. खंडाबद्दल स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र मागतात, तेवढंच.

खरा प्रश्न सरकारी भरतीच्या वयाचा. राज्य शासनाच्या नोकरीची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. आज ३६ असाल तर दोन वर्षांनी बी.एड. हातात पडेल तेव्हा खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही, आणि शिक्षक भरती काही दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निघत नाही. अशा वेळी स्वतःशी स्पष्ट असा: आपण खासगी, स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी बी.एड. करतोय की अनुदानित जागेसाठी? खासगी शाळांसाठी करत असाल तर वयाची चिंता सोडा. बाहेर काम केलेला शिक्षक तिथे चालतो, काही ठिकाणी मुद्दाम घेतात.

पदवीला ५० टक्के नाहीत. काही मार्ग?

नियम पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के असा आहे. पदवीला कमी पडले असतील तर एम.ए. किंवा एम.एस्सी.ला मिळवलेले गुण कामी येतात. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना सवलत आहे. अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ टक्के लागतात, तेही विज्ञान-गणिताच्या पायावर असलेल्या पदवीला.

बी.एड. करू की डी.एल.एड.?

कोणत्या इयत्तेला शिकवायचं ते आधी ठरवा.

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. २०१८ मध्ये एनसीटीईने बी.एड. झालेल्यांना सहा महिन्यांच्या सेतू अभ्यासक्रमाच्या अटीवर पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं. तो निर्णय न्यायालयात टिकला नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची पात्रता नाही, असा निकाल दिला. अजूनही "बी.एड. केलं की पहिलीपासून बारावीपर्यंत कुठेही लागता येतं" असं सांगणारे भेटतात. ते २०२३ च्या आधीच्या काळात राहतात.

सहावी ते आठवी आणि नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड. अकरावी-बारावीसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

नोकरी करणाऱ्याने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी असं मला वाटतं. पदव्युत्तर पदवी दूरस्थ पद्धतीने नोकरी सांभाळून सहज होते, बी.एड. होत नाही. कनिष्ठ महाविद्यालय डोक्यात असेल तर पगार चालू असतानाच एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी. उरकून घ्या आणि रजेची दोन वर्षं बी.एड.साठी राखून ठेवा. बरेच जण उलट करतात. नोकरी सोडून बी.एड. करतात आणि मग पदव्युत्तर पदवीसाठी पुन्हा दोन वर्षं अडकतात.

मी बी.कॉम. आहे. मला बी.एड.चा उपयोग होईल का?

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीपर्यंतच्या अभ्यासक्रमात वाणिज्य हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे वाणिज्य पदवीधराची खरी जागा अकरावी-बारावीत, आणि तिथे एम.कॉम. लागतं. म्हणजे तुमच्यासाठी एम.कॉम. आणि बी.एड. ही जोडीच धरायची. नुसत्या बी.कॉम., बी.एड.वर खासगी शाळेत काम मिळतं, पण अनुदानित माध्यमिक शाळेच्या जाहिरातीत आपला विषय शोधत बसावं लागतं.

हेच थोड्याफार फरकाने मानसशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्र घेऊन पदवी केलेल्यांना लागू आहे. अध्यापन पद्धती, बोलीभाषेत मेथड, ही पदवीच्या विषयाशी जुळणारी आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयाची हवी. प्रवेश फॉर्म भरताना "कोणतीही चालेल" म्हणून टिकमार्क करू नका. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला मागणी जास्त. इतिहास-मराठीत स्पर्धा जास्त.

सीईटी अवघड असते का? नोकरी करून अभ्यास होईल?

होईल. ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल घेतो. संगणकावर १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३० अशी विभागणी. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जायचं असेल तर इंग्रजी भाषेची वेगळी ईएलसीटी द्यावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेले पुष्कळ जण ती भरायची विसरतात आणि शहरातली निम्मी महाविद्यालयं हातची घालवतात.

अडचण परीक्षेपेक्षा पुढच्या प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅप फेऱ्यांची. नोंदणी, कागद तपासणी, पसंतीक्रम, जागा स्वीकारणं, प्रत्येकाला ठरावीक मुदत आणि त्या तारखा कामाच्या दिवशीच येतात. ऑफिसातून फोनवर पसंतीक्रम भरू नका. एक रजा टाका आणि शांतपणे भरा. पसंतीत महाविद्यालयाच्या नावापेक्षा घर आणि कामाच्या जागेपासूनचं अंतर वर ठेवा. रोज दोन तास प्रवास करून बी.एड. करणारा नोकरदार पहिल्याच सत्रात थकतो.

चार वर्षांचं आणि एक वर्षाचं बी.एड. येतंय म्हणतात. थांबू का?

चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आयटीईपी, बारावीनंतरच्या मुलांसाठी आहे. पदवीधर नोकरदाराला त्याचा उपयोग नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा उल्लेख आहे. जाहिराती मात्र त्याच्या पुढे धावतात. ज्या महाविद्यालयाला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे आणि ज्याचा प्रवेश अधिकृत प्रक्रियेतून होतो तेच धरा. धोरणाच्या आशेवर वयाची वर्षं घालवणं मला पटत नाही.

दोन वर्षांत नेमकं करायचं काय असतं?

बाहेरून वाटतं, मानसशास्त्राची दोन पुस्तकं आणि परीक्षा. आत आल्यावर वेळ खातं ते लेखन आणि सराव.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली आणि आपल्याकडे तिचं वेळापत्रक ३६ मिनिटांचं बसलं: ६ मिनिटं शिकवणं, ६ मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा शिकवणं, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. वर्गात मुलं नसतात, तुमचेच सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसतात. एका वेळी एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, फलक लेखन, प्रबलन (योग्य उत्तराला शाबासकी देऊन प्रोत्साहन).

कामाचा अनुभव असलेली माणसं इथे मजेशीर ठिकाणी अडखळतात. ग्राहकांशी रोज बोलणारा माणूस फडाफडा बोलतो, घाबरत नाही. पण प्रश्न कौशल्याच्या पाठात निरीक्षकाच्या हातातल्या तक्त्यावर वेगळंच दिसतं. सहा मिनिटांत बारा प्रश्न, त्यातल्या आठांची उत्तरं त्याने स्वतःच देऊन टाकलेली. मुलाच्या उत्तरासाठी तीन-चार सेकंद गप्प राहणं ऑफिसात कोणी शिकवलेलं नसतं. तेवढं जमलं की अशा लोकांचे पाठ ताज्या पदवीधरांपेक्षा सरस होतात.

मग पाठ टाचण. प्रत्येक सराव पाठासाठी आशय, उद्दिष्टे-स्पष्टीकरणे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन, मूल्यमापन असे रकाने भरायचे. "विद्यार्थ्यास प्रकाशाचे परावर्तन समजते" एवढं लिहून भागत नाही. समजलं हे दिसणार कशातून? "विद्यार्थी आकृतीत आपतन कोन व परावर्तन कोन दाखवतो" असं मोजता येईल असं स्पष्टीकरण लागतं. मार्गदर्शक प्राध्यापक टाचणावर लाल पेनने खुणा करतात, दुरुस्त करून आणल्याशिवाय पाठाला उभं करत नाहीत. एक टाचण सुरुवातीला अख्खी संध्याकाळ खातं, सवय झाल्यावर तास-दीड तासात होतं. नोकरदारांनी या संध्याकाळी आधीच हिशेबात धराव्यात.

याशिवाय पाठ निरीक्षणं, कृती संशोधन, घटक चाचणी तयार करून निकालाचं विश्लेषण, समाजसेवेचा उपक्रम. विद्यापीठानुसार नावं बदलतात.

इंटर्नशिपसाठी रजा कशी काढू?

पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयाकडून दोन्ही वर्षांचं शैक्षणिक वेळापत्रक मागून घ्या. १६ आठवडे सलग आहेत की सत्रांत विभागलेले, हे विद्यापीठानुसार बदलतं, आणि तुमची रजा त्यावर ठरते.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर प्रवेश घेण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. परवानगीशिवाय केलेलं शिक्षण सेवापुस्तकात नोंदवून घेताना फार पायपीट होते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अर्जित रजा, असाधारण रजा आणि अध्ययन रजा असे प्रकार आहेत. अध्ययन रजा हा हक्क नाही, तुमच्या शिक्षणाचा पदाशी संबंध आहे की नाही हे बघून ती देतात. लेखा शाखेतल्या माणसाला बी.एड.साठी ती मिळेल अशी आशा धरू नका. साठवलेली अर्जित रजाच जास्त भरवशाची.

खासगी कंपनीत लेखी धोरण बघा. बिनपगारी रजा किती दिवस मिळते, त्यात सेवाखंड धरतात का, विमा चालू राहतो का, हे तीन प्रश्न मनुष्यबळ विभागाला मेलवर विचारा, तोंडी नको.

मी आत्ता शाळेतच शिकवते. तिथेच इंटर्नशिप चालेल ना?

शाळा महाविद्यालय ठरवतं. काही ठिकाणी विनंती मानतात, काही ठिकाणी मुद्दाम दुसरी शाळा देतात. शाळा बदलली तर मी त्यात तोटा मानत नाही. स्वतःच्या शाळेत तुम्ही पूर्णवेळ बाई असता, बदली तासाला तुम्हालाच पाठवतात, परीक्षेचे पेपर तुमच्याच गळ्यात पडतात. शिकायला आलेली व्यक्ती म्हणून तिथे कोणी बघत नाही.

साहेबांना कधी सांगावं?

प्रवेश नक्की झाल्यावर, पण वर्ग सुरू होण्याआधी. सीईटी देताना सांगायची गरज नाही. सांगताना "सर, थोडं अ‍ॅडजस्ट करा" असं मोघम नको. कोणते महिने, कोणते तास, माझ्या मागे काम कोण बघेल, हे कागदावर मांडून द्या. नाही म्हणाले तरी निर्णय घ्यायला वेळ हाताशी राहतो.

पैशांचं गणित कसं मांडू?

फी हा त्यातला लहान आकडा असतो. बुडणारा पगार मोठा. आधी बिनपगारी महिन्यांचा घरखर्च, हप्ते आणि विम्याचे भरणे लिहा, मग फी.

खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. तिच्या वर मागितलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर भरतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कमाफीची योजना आहे. तुमचा अभ्यासक्रम आणि प्रवर्ग तिच्यात बसतो का हे महाविद्यालयाच्या कार्यालयात यादी बघून खात्री करा. अशा योजनांसाठी प्रवेश कॅपमधून झालेला असणं महत्त्वाचं. व्यवस्थापन कोट्यातून "लगेच करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागाल तर सवलत जाते.

बी.एड. झालं की नोकरी लागते ना?

आणखी दोन परीक्षा आहेत आणि त्यांची नावं इतकी सारखी आहेत की उमेदवारही गोंधळतात.

टीईटी ही पात्रता परीक्षा. शिक्षण हक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ती बंधनकारक झाली. आपल्याकडे ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. १५० प्रश्न, १५० गुण, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९०, राखीव प्रवर्गांना सवलत. २०२१ पासून प्रमाणपत्र आजीवन वैध आहे. केंद्राची सीटीईटी बी.एड.ला शिकत असतानाही देता येते, ती जरूर द्या.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुण, १२० मिनिटं. तिच्यात पास-नापास नाही. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरती प्रणालीतून, भरती होते. पहिली २०१७ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. या तारखांकडे बघून नोकरीचा राजीनामा कधी द्यायचा ते ठरवा.

आधीच शाळेत असणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं: १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटी दोन वर्षांत उत्तीर्ण होणं आवश्यक ठरवलं. जुनी नोकरी आहे म्हणून आपल्याला टीईटी नाही, हे गृहीत धरू नका.

पगार आत्तापेक्षा कमी मिळेल का?

सुरुवातीला बहुधा हो. अनुदानित जागेवरही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ मध्ये ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झालं. त्याआधी ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं. तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी लागते. खासगी शाळांत पगार ज्याचा त्याचा. मुलाखतीत तोंडी ऐकलेला आकडा आणि नेमणूक पत्रातला आकडा जुळतोय का, बघा.

म्हणजे दोन वर्षं बी.एड., मग भरतीची वाट, मग तीन वर्षं मानधन. घरात दुसरी कमाई नसेल तर हा टप्पा फार ओढाताणीचा होतो. पगारवाढीसाठी शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना मी सरळ सांगतो की नका येऊ.

वर्गात सगळे बावीस-तेवीसचे. त्यांच्यात मी कशी बसू?

पहिले दोन आठवडे तुम्हाला सगळे "ताई" म्हणतील, मग टाचण दाखवायला मागतील. तुम्ही त्यांच्याकडून सादरीकरणं करायला शिकाल. याहून जास्त काही घडत नाही.

अभ्यासाची सवय मोडली असेल तर विद्यापीठाच्या मागच्या प्रश्नपत्रिका काढून रोज एक उत्तर हाताने लिहा. कीबोर्डवर वर्षं काढलेल्यांचा हात तीन तासांच्या पेपरात दुसऱ्याच तासाला दुखायला लागतो.

मध्येच सोडावं लागलं तर?

प्रवेशापासून जास्तीत जास्त तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करायची मुभा आहे. म्हणजे एखादं आजारपण किंवा बाळंतपण त्यात सामावतं. गळती लागतेय असं वाटलं की गप्प गायब होऊ नका. प्राचार्यांना अर्ज द्या, त्यावर आवक क्रमांक घ्या. हजेरी कमी पडून अर्ज अडकलेल्यांपेक्षा आधी कळवलेल्यांची सोय लवकर होते.

आत्तापासून कोणती कागदपत्रं काढून ठेवू?

दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास, खंडाचं प्रतिज्ञापत्र. राखीव प्रवर्गात असाल तर जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधता मिळायला वेळ लागतो, तिचा अर्ज सर्वात आधी. नॉन क्रीमीलेअरवर ३१ मार्चची मुदत छापलेली असते, ती प्रवेशाच्या वर्षात संपत नाहीये ना ते बघा. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला त्या आर्थिक वर्षाचा लागतो.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची इथे हमखास अडचण होते. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगने. सीईटीचा फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरा आणि नावबदलाचं राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवा. राजपत्रात अजून नोंद केलेली नसेल तर अर्ज आजच ऑनलाइन करा, सीईटीची जाहिरात येईपर्यंत थांबू नका.